सिग्नेचा ओठ

एकविशी सरली की ड्रम कोअरच्या, म्हणजे मैदानावर चालत वाजवणाऱ्या स्पर्धक पथकाच्या, रांगेत उभं राहता येत नाही. हा नियम पथकातल्या सगळ्यांनाच ठाऊक असतो, तरी आपली पाळी आली की जो तो हबकतो. सिग्ने टॉरव्हिकची पाळी त्या वर्षी आली होती. साउथ डकोटातल्या एका धान्याच्या गावातली ही पोर. चार उन्हाळे तिने ‘प्रेअरी बीकन’ पथकात ट्रम्पेट वाजवत, मैदानावर मागेपुढे चालत काढले होते आणि या पाचव्या वर्षी पहिल्या ट्रम्पेटचा मान तिच्याकडे आला होता. मधल्या संथ भागातलं एकटीने वाजवायचं वादन तिचं, आणि कार्यक्रमाच्या अगदी शेवटी सगळ्यांच्या डोक्यावरून जाणारा तो उंच सूरही तिचाच.

जून-जुलैभर पथक बसमधून फिरायचं. रात्रीचा प्रवास, पहाटे कुठल्या तरी शाळेच्या व्यायामशाळेत लाकडी जमिनीवर हवेच्या गाद्या टाकून झोप, मग उठून अंडी आणि पीनट बटर लावलेला पाव, आणि दिवसभर उन्हात सराव. पितळी वाद्यांची जबाबदारी ओडेसा व्हिटफील्डवर होती. पन्नाशीतली, रॉकफर्डची, अंगाने भरलेली बाई. डोक्यावर गवती टोपी, गळ्यात शिट्टी. मुलं तिला मिस ओडेसा म्हणायची. ती आरडाओरडा फारसा करत नसे, पण तिचं बोलणं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं.

“सूर वर न्यायला ओठ दाबू नका. दाबल्याने सूर वर जात नाही, रक्त तेवढं खाली येतं. हवा आधी. पोटापासनं, पाठीपासनं हवा. ओठ नुसता दाराशी उभा आहे, त्याला हमाली लावू नका.”

ती रांगेतून फिरत एकेकाच्या उजव्या हाताकडे बघायची. ट्रम्पेटवर करंगळी अडकवायला एक आकडा असतो. त्यात करंगळी गेली की हात नकळत वाद्य तोंडाकडे ओढतो.

“सिग्ने, करंगळी बाहेर. तो आकडा पान उलटताना धरायला आहे, वाद्य ओढायला नाही.”

“चालता चालता आपोआप जाते, मिस ओडेसा.”

“आपोआप काही होत नसतं. पाय वाकडा पडला की तू हाताने तोल सावरतेस, आणि तो तोल तुझ्या दातांवर येतो. पाय नीट टाक, ओठ वाचेल.”

तिची मतं ठाम होती. जितका वेळ वाजवलं तितका वेळ थांबायचं. उन्हात वाद्य तापून सूर चढला तर ओठाने खाली ओढत बसायचं नाही, नळी बाहेर सरकवायची. सकाळी पहिली पंधरा मिनिटं नुसते हळू, लांब, खालचे सूर, बढाया नाहीत. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडायचं नाही, त्याच्याशी बोलायचं. आणि ओठ बधिर झाला तर वाद्य खाली घ्यायचं, कोणीही काहीही म्हणो. “दुखणारा ओठ बरा,” ती म्हणे. “तो निदान बोलतो तरी. बधिर झालेल्याची मला भीती वाटते.”

सिग्नेच्या घरी मात्र दुसरं शास्त्र होतं. तिचा बाप डॅरेल यानेही तरुणपणी अशाच एका पथकात बिगुल वाजवलं होतं. ते पथक केव्हाच बंद पडलं, पण त्याचं जॅकेट डॅरेलच्या कपाटात अजून होतं, आणि वरच्या ओठावर आतल्या बाजूने एक गाठही होती, जी सिग्ने लहान असताना तो तिला बोटाने चाचपायला द्यायचा. त्याच्या मते वाजवणं म्हणजे सोसणं. जो सोसतो तो पहिल्या रांगेत.

नेब्रास्कातल्या एका कार्यक्रमाला तो गाडी हाकत आला. सिग्नेचा ओठ तेव्हा आठवडाभर त्रास देत होता. वरच्या ओठाचा उजवा भाग संध्याकाळपर्यंत जड होई, सुजे, आणि त्या भागातून हवा निसटे. ती बर्फ लावी. हवा निसटली की ती थोडं अधिक दाबी, दाबलं की सूर लागे, आणि लागला की तिला वाटे, भागलं. संध्याकाळच्या सरावात ओडेसाने तिला शेवटचा भाग वाजवू दिला नाही, नुसतं चालायला लावलं. डॅरेलने ते कुंपणापलीकडून पाहिलं.

नंतर दोघं त्याच्या ट्रकच्या मागच्या फळीवर हॉटडॉग खात बसले.

“काय झालं तुला? वाद्य खाली का होतं?”

“ओठ जड झालाय, डॅड. मिस ओडेसा म्हणतात आठवडाभर उंच सूर नकोत.”

“आठवडाभर?” तो हसला. “आमच्या वेळी रक्त आलं तर शिक्षक पाठ थोपटायचा. इथं काय, ओठ दुखला की सुट्टी?”

“दुखत नाहीये. बधिर होतोय.”

“मग उलट बरंच की. सिग, हे बघ, हे शेवटचं वर्ष आहे. ओठाला बरं व्हायला पुढे अख्खं आयुष्य पडलंय. तुला मात्र परत हा उन्हाळा कोणी देणार नाही.”

सिग्नेने उरलेला हॉटडॉग संपवला. तिला जे ऐकायचं होतं तेच तो बोलला होता, आणि ते बापाच्या तोंडून आल्याने तिला स्वतःला म्हणावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती ओडेसाकडे गेली आणि ओठ बरा आहे म्हणाली. ओडेसाने तिला उन्हाकडे तोंड करायला सांगितलं, हनुवटी धरून पाहिलं.

“कडा पांढरी पडलीय. नाही.”

“मिस ओडेसा, माझं शेवटचं वर्ष आहे.”

“प्रत्येक वर्षी कोणाचं तरी शेवटचं असतंच. मी नाही म्हणतेय.”

“टेक्ससच्या मोठ्या स्पर्धेत सोलो कोण वाजवणार मग?”

“लुपे वाजवेल.”

लुपे म्हणजे तिच्या शेजारी उभी राहणारी दुसरी ट्रम्पेटवाली. एल पासोची, बुटकी, बडबडी, आणि सिग्नेची पथकातली सगळ्यात जवळची मैत्रीण. तिचा सूर स्वच्छ होता पण सिग्नेइतका मोठा नव्हता. सिग्नेला त्या क्षणी लुपेचा राग आला, आणि आपल्याला तो आला याची लाजही वाटली. लाजेपेक्षा राग जास्त टिकला. ती तडक पथकाच्या संचालकाकडे गेली. संचालक गुणांच्या काळजीत होता. आधीच्या दोन स्पर्धांत पथक घसरलं होतं. मुलगी स्वतः बरी आहे म्हणतेय म्हटल्यावर त्याने खळखळ केली नाही. ओडेसाला त्याने सांगितलं, सोलो सिग्नेच वाजवेल.

ओडेसा त्या संध्याकाळी सिग्नेशी फक्त एवढंच बोलली, “करंगळी तरी बाहेर ठेव.”

टेक्ससचं मैदान छताखालचं होतं. आत वारा नाही, आवाज सगळीकडून आदळून परत येतो. असल्या ठिकाणी आपलंच वाद्य आपल्याला कमी ऐकू येतं आणि माणूस नको तितका जोर लावतो. सिग्ने पुढे चालत आली, थांबली, संथ वादन सुरू केलं. पहिली ओळ छान गेली. दुसऱ्या ओळीत सूर वर चढायचा होता. तिने दाबलं. ओठाच्या आत काहीतरी सुटल्यासारखं झालं, कापडाची शिवण उसवावी तसं. दुखलं अजिबात नाही. फक्त वाद्यातून सूर यायचा थांबला आणि नुसती हवा येऊ लागली.

एवढ्या मोठ्या जागेत ती शांतता फार वेळ राहिली असं तिला वाटलं. मग मागच्या रांगेतून कोणीतरी ओळ उचलली. लुपे होती. कोणी न सांगता, होती तिथून. सिग्ने वाद्य तोंडाला लावून तशीच उभी राहिली, आणि पुढचा भाग सुरू झाल्यावर इतरांबरोबर चालू लागली, कारण थांबली असती तर मागची माणसं अंगावर आली असती.

डॉक्टरने दुसऱ्या दिवशी ओठ दाबून पाहिला, मग यंत्रावर पाहिला. कातडीखालचा स्नायू फाटला होता. या उन्हाळ्यात वाजवायचं नाही. पुढे शस्त्रक्रिया करून बघता येईल. खाता येईल, बोलता येईल, ट्रम्पेटचं सांगता येत नाही.

व्यायामशाळेच्या पायरीवर ओडेसा तिच्या शेजारी येऊन बसली. सिग्नेला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण ओडेसाने गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

“घरी जायचंय?” तिने विचारलं.

“मी गेले तर माझी जागा मोकळी राहील. आपण चालून मैदानावर जी आकृती काढतो तिच्यात भोक दिसेल.”

“दिसेल.”

“मी नुसती चालले तर?”

ओडेसाने टोपी काढून मांडीवर ठेवली. “मला ते आवडत नाही. तोंडाला लावलेलं आणि न वाजवलेलं वाद्य म्हणजे खोटं बोलणं आहे. पण बाकीचे तुला धरून अंतरं शिकलेत. तू नसलीस तर कोणीतरी कोणावर तरी आपटेल.” ती उठली. “चाल. पण तोंडाला टेकवायचं नाही. बोटभर लांब. मी बघत राहीन.”

वडिलांना सिग्नेने फोनवर सांगितलं की सोलो लुपेला दिलाय. पुढचं सांगायला तोंड उघडलं होतं, पण तिकडून डॅरेल एकदम पेटला. त्या बाईला तू पहिल्यापासून खुपतेस, म्हणाला. सिग्नेने त्याला बोलू दिलं. आज सांगू, उद्या सांगू करत ऑगस्ट आला.

अंतिम स्पर्धेला डॅरेल आपल्या पथकाचं ते जुनं लाल जॅकेट घालून आला. तो वर बाकांवर बसला होता. सिग्नेला खालून लाल ठिपका दिसला. तिने सगळा कार्यक्रम वाद्य बोटभर लांब धरून चालून काढला. श्वास मात्र ती सगळ्यांबरोबर घेत होती, सवयीने, आणि सोडतही होती. शेवटचा उंच सूर आला तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंनी पितळ दणाणलं आणि तिच्यापुढे नुसती तिची स्वतःची गरम हवा होती. लोक उभे राहिले. लुपे रडत होती. प्रत्येक जण कोणाला तरी मिठी मारत होता, सिग्नेलाही मारत होता.

बसपाशी डॅरेल वाट काढत आला. डोळे लाल होते. त्याने तिला घट्ट धरलं.

“शेवटचा सूर तुझा. हजारांत ओळखला असता मी. तुझाच.”

मग त्याला ओडेसा दिसली. ती मुलांची वाद्यं पेट्यांत भरून घेत होती. तो तिच्याकडे वळला.

“काय बाई, ऐकलंत ना? या पोरीकडून तुम्ही सोलो काढून घेतलात. शेवटी कोणाच्या जिवावर उभं राहिलं तुमचं पथक?”

ओडेसाने सिग्नेकडे पाहिलं आणि पुन्हा पेटी लावायला घेतली. “मिस्टर टॉरव्हिक, मुलगी दमलीय. तिला जेवायला न्या.”

“विषय बदलू नका.”

“डॅड,” सिग्ने म्हणाली, “ती लुपे होती.”

“कोण?”

“तो सूर. लुपेचा होता. मी टेक्ससपासून एकही सूर वाजवलेला नाही. ओठ फाटलाय आतून.”

डॅरेल तिच्या तोंडाकडे बघू लागला. बाहेरून दिसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

“मग मैदानात काय करत होतीस?”

“चालत होते.”

“पण मी ऐकलं ना,” तो म्हणाला. त्याने ओडेसाकडे पाहिलं, जणू ती तरी काही वेगळं सांगेल. तिने पेटीची कडी लावली आणि पेटी उचलून पथकाच्या ट्रककडे गेली. “तुला कोणी सांगितलं होतं फाटेपर्यंत...” असं काहीतरी तो बोलायला लागला आणि मध्येच थांबला. मग जॅकेटच्या खिशात किल्ल्या शोधत राहिला.

घरापर्यंतच्या रस्त्यात तो एकदाच बोलला, कॉफी हवी का म्हणून. ती नको म्हणाली. गरम कप त्या बाजूला टेकवता येत नव्हता.

शस्त्रक्रिया ऑक्टोबरात झाली. टाके सुकले, ओठ दिसायला पूर्वीसारखा झाला. सिग्नेने डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे महिने जाऊ दिले, मग नुसता माउथपीस, ट्रम्पेटचा तोंडाला लावायचा भाग, घेऊन सुरुवात केली. मधले सूर आले, फुटके. वरचे आले नाहीत. ती दाबत नव्हती, करंगळीही बाहेर होती. सगळं आता बरोबर करत होती. जानेवारीत ओडेसाचा फोन आला: नव्या मुलांच्या शिबिराला ये, शिकव. सिग्ने विचार करते म्हणाली, आणि दोघींनाही कळलं की ती येणार नाही. गावातल्या दवाखान्यात तिला स्वागतकक्षाचं काम मिळालं.

ईस्टरला दरवर्षी गावच्या लुथरन चर्चमध्ये ऑर्गनबरोबर तीच वाजवायची. त्या वर्षी पाद्रीबाईंनी विचारलं तेव्हा तिने नाही म्हटलं. डॅरेल शेजारीच उभा होता. “मी वाजवतो,” तो म्हणाला. कित्येक वर्षांत त्याने वाद्याला हात लावला नव्हता.

त्या सकाळी सिग्ने आईबरोबर तिसऱ्या बाकावर बसली होती. बापाने तिचंच ट्रम्पेट घेतलं होतं. पहिलं कडवं कसंबसं बरं गेलं. दुसऱ्यात त्याची मान लाल झाली, शीर ताठली, आणि सिग्नेला बसल्या जागेवरून दिसलं की करंगळी आकड्यात आहे आणि हात ओढतोय. तिने भजनाचं पुस्तक मिटलं. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर त्याने ट्रम्पेट खाली घेतलं. ऑर्गन पुढे वाजत राहिला, लोक गात राहिले. तो वाद्य पोटाशी धरून उभा होता, आणि भजन संपल्यावर जागेवर येऊन बसला.

ओठ सुटला म्हणून त्याने थांबवलं की आपणहून, हे सिग्नेला कळलं नाही. त्याने रुमाल काढून ओठांवर धरला, प्रवचन संपेपर्यंत तसाच धरून बसला, आणि तिने बाकाच्या टोकाकडे सरकून त्याला पाय पसरायला जागा करून दिली.