विहीणबाईची साडी

माझ्या बापानं चौदा वर्षं माझ्यावर अन्याय केला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे भारती उगाच चिडते असं कोणी म्हणू नये. दर भाऊबीजेले बाबा उमरेडवरून आमच्या घरी, नंदनवनात येते, अन् पिशवीतून दोन साड्या काढते. एक करवतकाठी, हातमागाची, हात फिरवला तं फिरवतच राहावं अशी. दुसरी पॉलिस्टरची. पॉलिस्टरची माझी. करवतकाठी माझ्या सासूची.

बोला आता.

आमच्यात मुलीचा बाप वाकलेलाच असते, विहिणीले मान द्यावाच लागते, हे मले समजते. पहिल्या दिवाळसणाले ठीक आहे. त्याच्यानंतर तं लोक विहिणीले फोनवरच नमस्कार करते. अन् माझा बाप, नत्थूजी, अडुसष्ट वर्षांचा, डोळ्यात मोतीबिंदू, घरचा माग बंद पडून दहा वर्षं झाली, तरी कोण्या म्हाताऱ्या विणकराच्या मागं लागून करवतकाठी विणवून आणते. राग येणार नाही तं काय येईन?

दुसरा अन्याय सासूचा. तशी माझी सासू, प्रेमलताबाई, लाखात एक. मी रामदासपेठेत एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते, माझे दोन्ही पोट्टे तिनंच वाढवले. लग्न बाबांनी उमरेडले नाही, इथंच मोजक्या माणसांत लावलं. त्यात माझं नाव बदलायचं ठरलं होतं, ताटात तांदूळ पसरून तयार होते. तिनं ते हातानं विस्कटून टाकले अन् म्हणाली की पोरीचं नाव पोरीजवळच राहू द्या. त्या दिवसापासून मी तिले जीव लावला. पण भाऊबीज आली की ही बाई बदलून जाते. मले उमरेडले जाऊ देत नाही, भावाले अन् बाबाले इथंच बोलाव म्हणते. ताट तीच लावते, वाती तीच वळते. मी माझ्या भावाले, मधुसूदनले, ओवाळून उठली की म्हणते, बाबालेही ओवाळ. आता लेक बापाले भाऊबीजेले ओवाळते कुठं? पण ऐकणार नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहते, अन् बाबा जेवल्याशिवाय तोंडात घास घालत नाही.

तिले स्वतःले माहेर नाही. पांढुर्ण्याकडची, मायबाप लहानपणी गेले, भाऊ नाही, एवढंच तिनं सांगितलेलं. भाऊ नसलेल्या बाया त्या दिवशी चंद्राले ओवाळते. शेजारच्या काकू दर वर्षी तिले गच्चीवर बोलवायच्या. ती एकदाही गेली नाही. कामं पडली आहेत म्हणायची अन् भांडी घासत बसायची.

यंदा मात्र मी ठरवलं. मधुसूदननं उमरेडले नवीन घर बांधलं, म्हटलं भाऊबीज तिथंच. सासू हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. फक्त दोन दिवस अर्धी अर्धी पोळी खाऊन उठली. अन् भाऊबीजेच्या सकाळी मी बॅग भरून बसली, तं दारात बाबा. एकटेच, हातात पिशवी. मी म्हटलं, मी तिकडं येऊन राहिली होती नं, तुम्ही इकडं काहून आले? तं म्हणे, विहीणबाईचा सण चुकला असता. माझं डोकंच सटकलं. मी नाही नाही ते बोलली.

माझा नवरा पंकज म्हणजे थंड माणूस. घरात भांडण झालं की सिनेमा लावते. म्हणाला, चार वाजता सगळ्यांना गाडीनं उमरेडले नेतो, तोवर एक पिक्चर पाहून घेऊ. अन् लावला काय, तं खुनाचा. सणाच्या दिवशी! पोट्टे शेजारी खेळायले गेले, पडदे ओढले. मी अन् पंकज सोफ्यावर, दिवाणाच्या एका टोकाले बाबा, दुसऱ्या टोकाले सासू.

गोष्ट अशी की एक बाई दुसऱ्याच नावानं दुसऱ्याच शहरात राहून राहिली आहे. कोणाले पत्ता नाही. अन् तिचा पहिला नवरा तिले शोधत तिथं येते. असल्या पिक्चरमधला खुनी मी पंधरा मिनिटांत ओळखते, पंकज त्यासाठी मले मानते. तो नवरा घरात शिरला. बाई भिंतीले टेकली. त्यानं सावकाश कमरेचा पट्टा काढला.

माझ्या सासूनं डोळे गच्च मिटले. अन् बाबा दिवाणाच्या त्या टोकावरून सरकले, अन् त्यांनी तिचा हात धरला.

व्याह्यानं विहिणीचा हात! बाप्पा बाप्पा! आमच्यात व्याही विहिणीसमोर पाय पसरून बसत नाही. करवतकाठी, चौदा वर्षं, दर भाऊबीज. माझ्या डोक्यात जे आलं ते सांगायचीही मले लाज वाटते. मी रिमोट घेतला अन् पिक्चर थांबवला. तो पट्टा तसाच वर राहिला.

"बाबा, हे काय आहे?"

बाबांनी हात सोडला नाही. बीपी, चक्कर, असं काहीबाही सांगायले लागले. सासूनं डोळे उघडले.

"दादा, आता पुरे," ती म्हणाली.

मी खुनी ओळखणारी बाई. मले ते समजायले चांगलं मिनिटभर लागलं.

मले एक आत्या होती, पुष्पलता नावाची. माझ्या जन्माआधीच तलावात बुडून मेली, काठावर चपला सापडल्या, अंग सापडलं नाही, हे उमरेडचं शेंबडं पोर सांगीन. तिचा फोटो नाही, तेव्हा आमच्या गल्लीत फोटो कोण काढत होतं? आजी तिच्या नावानं रडत रडत गेली. आत्याचा नवरा बळीराम गल्लीच्या तोंडाशीच राहते. त्यानं दुसरी केली नाही म्हणून गाव त्याले देवमाणूस म्हणते. तिथल्याच देवळाच्या ओट्यावर बसलेला असते, अन् मी दर वेळी उमरेडले गेली की त्याच्या पाया पडते.

त्या चपला काठावर बाबांनीच ठेवल्या होत्या.

देवमाणूस धोट्यानं मारायचा. मागावर इकडून तिकडं धावते तो लाकडाचा धोटा, दोन्ही टोकांना लोखंड. पाठीवरच मारायचा, म्हणजे कोणाले दिसू नये. आत्या तीनदा माहेरी आली अन् तीनदा मोठ्यांनी परत पाठवली, बाईच्या जातीले नांदावं लागते म्हणून. त्याचं एकच म्हणणं होतं, माझ्या घरून गेली तं जिथं असन तिथं कापीन. चौथ्यांदा आली तेव्हा बाबांनी तिले पहाटेच्या बसमध्ये बसवलं अन् काटोलले मित्राकडे, बाबनरावकडे पाठवलं. तो तिथं संत्र्याच्या बाजारात होता. मग तिच्या चपला तलावावर नेऊन ठेवल्या. जिवंत बहिणीचं तेरावं केलं, डोकं भादरलं. आजीले सांगितलं नाही. तिले सांगितलं असतं तं ती धावत काटोलले गेली असती, अन् तिच्या मागं तो. हे सांगताना बाबा पहिल्यांदा रडले.

बाबनराव म्हणजे माझे सासरे, भिंतीवर फोटो आहे ते. त्यांनी सगळं माहीत असून दोन वर्षांनी तिच्याशी लग्न केलं.

अन् मले आठवलं, लहानपणी बाबा दोन बस बदलून काटोलवरून संत्री आणायचे. मधल्या नागपुरात काय संत्र्यांचा दुष्काळ होता? आम्हाले वाटायचं, बाप संत्र्यांचा येडा आहे.

म्हणजे चारचौघांत, उजागरीनं बहिणीच्या घरी येता यावं म्हणून ते व्याही झाले, अन् त्याच्यासाठी मले कामाले लावलं. दर भाऊबीजेले ओवाळत होती ती, हात फक्त माझे होते. खरं तं मी घर डोक्यावर घ्यायले पाहिजे होतं. पण माझ्या नाकाडोळ्यातून धारा लागल्या होत्या. मी एवढंच विचारलं की मले उमरेडले काहून जाऊ देत नव्हत्या.

"तू त्याच्या पाया पडते," ती म्हणाली. "इकडं माझ्या घशाखाली घास उतरत नाही, बाई."

हे सांगताना तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती पंकजकडे पाहून राहिली होती. तो पहिला नवरा जिवंत, मग लोक माझ्या पोराले काय म्हणतीन, याच भीतीनं ही बाई बेचाळीस वर्षं गप्प होती. पंकज उठला, टीव्ही पार बंद केला अन् तिच्या पायाशी येऊन बसला.

"म्हणजे मी मामाचीच पोरगी केली," तो म्हणाला. "अन् चौदा वर्षं मी या माणसाले सासरा समजून घाबरून राहिलो."

ती हसली. मग तिनं त्याचं डोकं मांडीत घेतलं अन् जे रडली, ते आम्ही तिले रडू दिलं.

मी आत गेली. ताट तिनं सकाळीच लावून ठेवलं होतं. दिवा लावला अन् ताट तिच्या हातात दिलं. ती मलेच परत द्यायले लागली, सवयीनं.

"मी नाही ओवाळत," मी म्हटलं. "माझा भाऊ उमरेडले आहे. तुमचा इथं आहे."

बाबा पाटावर बसले. तिनं लावता लावता कुंकू नाकावर सांडलं. बाबांनी पिशवीतून करवतकाठी काढून तिच्या ओटीत घातली. चौदा वर्षं हा माणूस धाकट्या बहिणीपुढं हात जोडून वाकत होता, मुलीचा बाप म्हणून. आज ती वाकली. त्याच्या पायावर डोकं ठेवलं ते उचलेचना.

"ऊठ वं पुष्पे," बाबा म्हणाले. "गुडघे दुखते नं तुह्ये."

चार वाजता पंकजनं मले एकटीलेच उमरेडले नेलं. बाबा बहिणीकडे राहिले, राहणारच. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. बळीराम ओट्यावर होता. मले पाहून त्यानं सवयीनं पाय पुढं केले. मी उभीच राहिली.

"काहून वं भारती?" तो म्हणाला. "पाया नाही पडत?"

"आज भाऊबीज," मी म्हटलं. "आत्याची आठवण आली."

 मग त्यानं हळूच पाय मागं घेतले. मी पुढं गेली अन् मधुसूदनच्या नव्या घरात त्याले ओवाळलं, अंगावर पॉलिस्टरची साडी नेसून.