अर्ध्या बॅटरीवर

आमच्या शेजारच्या आस्टाचा कुत्रा मुल्ले एका बिजूच्या, म्हणजे बिळात राहणाऱ्या रानप्राण्याच्या, मागे रस्त्याखालच्या पाइपात शिरला आणि घाबरून आतच बसला. पलीकडच्या तोंडाला जाळी. वर टेकडीवरचा बर्फ वितळत होता, पाइपातलं पाणी वाढत होतं आणि अग्निशमनची गाडी यायला अजून चाळीस मिनिटं होती. ऐंशीची आस्टा चिखलात गुडघे टेकून हाका मारत होती.

माझा नवरा सिक्स्टेन त्याची रिमोटची गाडी घेऊन धावत आला. मुल्लेचं त्या गाडीशी हाडवैर. दिसली की भुंकत मागे लागायचा. दिवा लावून गाडी आत गेली. पण बॅटरी अर्धीच! असल्या गाड्यांची लिपो बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवली तर खराब होते म्हणे, म्हणून या माणसाच्या सगळ्या बॅटऱ्या अर्ध्या. बारा वर्षं मी यावरून त्याची टर उडवत आले होते.

आतून भुंकणं ऐकू आलं. सिक्स्टेन गाडी मागे घेऊ लागला, भुंकणंही जवळ येऊ लागलं. आणि मध्येच गाडी थांबली.

"काय झालं?" मी ओरडले.

"व्होल्टेज उतरलं. बॅटरी मरू नये म्हणून गाडी आपणच मोटर बंद करते."

"मरू दे ना मेली ती बॅटरी! इथं कुत्रं बुडतंय!"

"ते इथून बदलता येत नाही, गुनवोर. बॅटरी जरा विसावली की व्होल्टेज पुन्हा चढेल. मग हळूहळू आणतो."

भुंकणं थांबलं. आस्टा रडायला लागली. माझं डोकंच फिरलं. मी रिमोट हिसकावला आणि खटका पूर्ण दाबला. गाडी हातभर सरकली नि पुन्हा ठप्प.

सिक्स्टेनने रिमोट काढून घेतला. "आता कुणी हात लावायचा नाही."

दोन मिनिटं तो नुसता उभा. त्याचा गळा आवळावा असं मला वाटत होतं. मग त्याने खटक्यावर बोट जेमतेम टेकवलं. गाडी वीतभर सरकली. थांबला. पुन्हा वीतभर. आत गुरगुर सुरू झाली.

शेवटी चाकं बाहेर आली, आणि मागोमाग बंपर चावत भिजलेला मुल्ले. आस्टाने त्याला कोटात कोंबलं.

सिक्स्टेनने बॅटरीला मीटर लावला. "आणखी एकदा तसा जोर लावला असतास, तर ही उठली नसती."

"म्हणजे मी मारलं असतं त्याला?"

त्याने नाही म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

"हो," तो म्हणाला आणि आस्टाला उठवायला गेला.