कारण अपुरे

“उद्या सकाळी साडेसातची गाडी आहे तुझी. खिडकीची जागा मिळाली,” नवऱ्याने सांगितलं आणि तिकीट टेबलावर ठेवून त्यावर पाण्याचा पेला ठेवला, उडून जाऊ नये म्हणून.

बाई भाजी निवडत होत्या. “माझी गाडी? कुठली?”

“अगं, आईकडे जायचंय ना तुला? वाट बघत असतील त्या.”

बाईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि पेल्याखालून तिकीट ओढून घेतलं. गाव त्यांच्या माहेरचंच होतं. तारीख उद्याची होती. आई जाऊन एकतीस वर्षं झाली होती.

बालवाडीत पंचवीस वर्षं शिकवलं म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची, आणि नवऱ्याला परचेस. परचेस हे खरं तर पंपाच्या कारखान्यातल्या खरेदी खात्याचं नाव, पण चौतीस वर्षं तिथे काढल्यावर ते माणसालाच चिकटलं. ‘परचेसला विचारा’, ‘परचेसला आज सर्दी झालीय’, असं लोक सरळ बोलायचे. त्यालाही त्याचा अभिमान होता. “बाजारात जाऊन माणूस बाय करतो,” तो समजावून सांगायचा. “ते काय, कुणीही करेल. आवडलं, घेतलं. परचेसला कारण लागतं.”

हे ज्ञान कारखान्यात ठेवून तो घरी आला असता तर बरं झालं असतं. पण घरातही काही हवं असेल तर चिठ्ठी लिहावी लागे: वस्तू, नग, कारण. चिठ्ठीवर तो शेरा मारायचा आणि मंजूर असो वा नामंजूर, ती फायलीला लावायचा. माणूस वाईट नव्हता. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, स्वतःच्या चपलांसाठीसुद्धा चिठ्ठी लिहायचा आणि बऱ्याचदा स्वतःच ती नामंजूर करायचा. मुलगी शाळेत ऐटीत सांगायची, “आम्ही बाय नाही करत. आमच्याकडे परचेस होतं.” पुढे मोठी झाल्यावर तिने ते सांगणं सोडून दिलं.

गेल्या वर्षापासून परचेसचं डोकं मागेपुढे व्हायला लागलं. सकाळी काय खाल्लं ते आठवेना, पण ती जुनी फाईल मात्र त्याला बरोबर सापडली. नामंजूर चिठ्ठ्या एकेक काढून तो बाजारात जाऊ लागला. मुलीसाठी उड्या मारायची दोरी आणली. रंगीत खडूंची पेटी आणली. फुलाफुलांची छोटी छत्री आणली आणि चिठ्ठीवर लिहिलं: पूर्तता झाली. मुलगी आता तेहतीस वर्षांची, दुसऱ्या शहरात संसारात. दोरीचं ऐकून ती फोनवर हसली आणि मग दोरी जपून ठेव म्हणाली.

बाईंनाही आतापर्यंत त्याचं काही वाटलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी उद्योग हवा, एवढंच. आज मात्र त्या उठल्या आणि त्यांनी कपाटातून ती फाईल काढली.

त्यांची चिठ्ठी सगळ्यांत वर होती. कागद पिवळा पडला होता, अक्षर मात्र कालचं असावं तसं. ‘बसचं तिकीट. नग एक. कारण: आईची तब्येत बरी नाही.’ त्याखाली त्याचा शेरा: ‘कारण अपुरे. किती बरी नाही, ते स्पष्ट करावे.’

तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. बाईंच्या हातात स्वतःचा असा पैसा नव्हता, आणि भांडायचंही माहीत नव्हतं. त्यांनी खरोखरच भावाला पत्र लिहून विचारलं, आई किती आजारी आहे. या एका गोष्टीसाठी त्यांनी नवऱ्यापेक्षा स्वतःलाच जास्त शिव्या घातल्या होत्या. पत्राचं उत्तर आलं नाही. तार आली. त्याच वर्षी त्यांनी बालवाडीत नोकरी धरली आणि त्यानंतर एकही चिठ्ठी लिहिली नाही. त्याने कधी विचारलं नाही, का. निदान बाईंना तरी वाटत होतं की त्याच्या ध्यानातही आलं नसेल.

आता जुन्या शेऱ्याखाली नव्या, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मंजूर. तातडीचे.’

बाईंना संताप आला. एकतीस वर्षं एक वाक्य त्यांच्या घशात अडकून होतं. तुम्ही उशीर केलात. कधी मुलीचं आजारपण मध्ये आलं, कधी त्याची बढती, कधी नुसताच चांगला चाललेला दिवस. ते बोलायचं राहून गेलं, आणि आता तो समोर बसला होता, स्वतःवर खूश.

त्यांनी मुलीला फोन लावला.

“आई, सांगून टाक ना बाबांना, आजी गेली म्हणून.”

“तुझे काका गेल्याचं सांगितलं होतं. गेल्या महिन्यात तीनदा. तिन्ही वेळा नव्याने रडले.”

“मग तिकीट फाडून टाक. विसरतील ते.”

“हे नाही विसरायचे.”

“मग तुझ्या मनात काय आहे?”

“माझ्या मनात आहे सांगून टाकावं,” बाई म्हणाल्या. “रडू देत एकदा. मी रडलेच ना.”

बाईंनी फोन ठेवला. आत परचेस कपाटावरची पिशवी काढायला स्टुलावर चढला होता आणि एका हाताने भिंत धरून उभा होता. बाईंनी जाऊन स्टूल धरलं. ते वाक्य पुन्हा तसंच राहिलं.

सकाळी त्यांनी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना नवऱ्याजवळ बसवलं. बेत साधा होता. तो गॅलरीतून बघेल, म्हणून समोरच्या थांब्यावर बसमध्ये चढायचं, दुसऱ्या थांब्यावर उतरायचं, बागेत तासभर बसायचं आणि परत यायचं. तोवर काय बोलायचं ते ठरवता येईल.

शेजारच्या जागेवर मांडीवर डबा घेतलेली एक बाई होती. बस सुटल्यावर तिने विचारलं, “कुठं निघालात?”

“आईकडे,” बाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून निघाला आणि त्यांना कसंतरीच झालं. केवढ्या वर्षांनी तो म्हटला होता.

“या वयात आई आहे, भाग्यवान आहात. बऱ्या आहेत ना?”

“बरी नाही.”

त्या बाईने पुढे काहीच विचारलं नाही. किती बरी नाही, काय झालं, कधीपासून, काही नाही. “मग जायलाच हवं,” ती म्हणाली आणि डबा सावरून बसली.

दुसरा थांबा आला आणि गेला. बाई खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. रुमाल पिशवीत होता, पिशवी वर ठेवलेली, म्हणून बाहीनेच डोळे पुसत होत्या. शेजारणीने त्यांना रडू दिलं. अर्ध्या वाटेवर जिथे गाडी चहासाठी थांबते तिथे बाई उतरल्या, शिंपीणबाईंना फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि उलट्या दिशेची गाडी येईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. पुढे जाऊन उपयोग नव्हता. भावाने घर केव्हाच विकलं होतं.

दुपार कलताना त्या घरी पोचल्या. परचेसने स्वतः दार उघडलं. शिंपीणबाई मागून म्हणाल्या, “सकाळपासून दारातच आहेत. जेवायलाही तिथेच उभे.” आणि चपला घालून खाली गेल्या.

“पोचलीस ना वेळेवर?” त्याने विचारलं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. सदऱ्याची बटणं एकेक घर चुकून लावलेली होती. डोळे त्यांच्या तोंडावर खिळले होते. नोकरीत कधी कुणा साहेबापुढे घाबरला नसेल, एवढा तो घाबरलेला होता. म्हणजे त्याला माहीत होतं. कुठेतरी, इतकी वर्षं, त्याला माहीत होतं.

“हो,” बाई म्हणाल्या. “वेळेवर पोचले.”

“बोलल्या का काही?”

“खूप बोलली. हात धरून बसले होते मी.”

त्याने श्वास सोडला. मग टेबलाशी जाऊन फाईल उघडली, चिठ्ठीवर ‘पूर्तता झाली’ असं सावकाश लिहिलं आणि पेन पुढे केलं. “मिळाल्याची सही कर. खाली तारीख घाल. तारखेशिवाय चालत नाही.”

बाईंनी सही केली. मग चष्मा नीट करून चिठ्ठीच्या माथ्यावरची मागणीची तारीख वाचली आणि सहीखाली तिच्या दुसऱ्या दिवसाची घातली, एकतीस वर्षांपूर्वीची. परचेसने बोट ठेवून दोन्ही तारखा तपासल्या, बरोबर आहे म्हणाला आणि फाईल मिटली.