चाळीस नंबरच्या पाटीखाली

मी बोलतोय. पण माझी हकिगत सांगण्याआधी एक विचारतो. हे मी मनातल्या मनात शंभरदा विचारलंय आणि कुणीही उत्तर दिलेलं नाही. त्या दिवशी टेबलावर आम्ही दोघं शेजारी शेजारी पडलो होतो. मग साहेबांनी त्यालाच का उचललं?

मी टेलिफोनच्या तारा तपासायचा फोन. घरात असतो तसला नव्हे. मला बैठक नाही, घंटी नाही. पाठीवर आकड्यांची बटणं आणि शेपटीसारख्या वायरच्या टोकाला दोन चिमटे. खांबावर चढलेला लाइनमन ते चिमटे तारेला लावतो आणि लाइन जिवंत आहे की मेलेली, ते माझ्याकडून ऐकतो. सध्या मी कंपनीच्या मुख्य इमारतीत काचेच्या कपाटात आहे. डोक्यावर दिवा आणि पितळी पाटी. पाटीवर माझ्या भावाचं कौतुक कोरलंय. तो परत आला नाही, म्हणून त्याच्या जागी मला ठेवलं. "दोघं सारखेच तर दिसतात, कोण बघतंय," असं जाहिरात खात्यातल्या बाई म्हणाल्या होत्या.

आम्ही एकाच साच्यातले, एकाच दुपारचे. त्याच्या पोटावर चाळीस आकडा ठोकला, माझ्या पोटावर एक्केचाळीस. एवढ्यावर तो थोरला झाला. एका आकड्याचं थोरलेपण, पण जन्मभर मिरवलं मेल्यानं. मेल्या, असंच म्हणायचो मी त्याला. आता तो शब्द तोंडात येतो आणि अडकतो.

तेव्हा कंपनी म्हणजे एक दुमजली इमारत आणि गावातले तीनशे फोन. आम्ही दोन लाइनमनच्या कमरेला आलो. माझ्या मालकांना सगळे दाजी म्हणायचे, कारण त्यांचा जोडीदार तसं म्हणायचा. तो जोडीदार त्यांच्या बायकोचा, ताईचा, धाकटा भाऊ. त्याला अख्खं ऑफिस मेहुणा म्हणे. पगाराच्या दिवशी त्याचं खरं नाव पुकारलं की तोसुद्धा इकडेतिकडे बघायचा.

काम असं. दाजी रस्त्यावरच्या तारांच्या पेटीपाशी, मेहुणा चार गल्ल्या पलीकडे खांबावर. शेकडो तारांच्या जुडग्यातून एकच जोडी दोन्ही टोकांना शोधायची. दाजी माझ्यातून हॅलो म्हणायचे आणि भलतंच कुणी हॅलो म्हणायचं. एकदा एका आजोबांनी दाजींना जावई समजून पाऊण तास झापलं. मेहुणा खाली उतरून म्हणाला, "दाजी, हॅलो सोडा. निम्मं जग हॅलोच म्हणतं. तुम्ही 'आहे का?' विचारा. मी 'आहे' म्हणेन." तेव्हापासून तेच ठरलं. पहिलं 'आहे का?' माझ्या तोंडून गेलं. कुणीतरी हे लिहून ठेवा.

कंपनी वाढली. शेजारचं शहर घेतलं, मग समुद्रापलीकडची एक कंपनी विकत घेतली. तीन वेळा नाव बदललं, तीन वेळा रंग. माझ्या पाठीवर जुन्या चिकटपट्टीवर नवी, तिच्यावर आणखी नवी. इमारतीच्या खालच्या दालनात जगाचा नकाशा लागला, देश वाढला की एक दिवा वाढायचा. चौदा दिवे झाले. गल्लीतल्या माणसाचा फोन बंद पडला की तो तक्रार तिसऱ्याच देशात नोंदवायचा आणि तिथून निरोप यायचा तो त्याच्याच दारातल्या खांबावर बसलेल्या दाजींना. दाजी वरूनच विचारायचे, "काय हो, तुमचीच का तक्रार?"

मग एक माणूस आणि एक फोन परदेशी पाठवायचं ठरलं. जिथे समुद्रातली केबल जमिनीवर येते, त्या केंद्रावर. दाजींना गुडघा साथ देत नव्हता, म्हणून मेहुणा. ते मला पटलं. पण फोन? साहेबांनी आम्हा दोघांना टेबलावर ठेवलं, कानाला लावलं, दोघांतून स्वच्छ ऐकू आलं. आणि त्यांनी चाळीस उचलला. मेहुण्याला आम्ही दोघंही सारखेच, त्याने तो कमरेला अडकवला.

तेव्हापासून मी जळतो. लपवून काय करू? दर रविवारी मेहुण्याचा फोन यायचा. ताई आधी जेवलास का विचारायची, मग त्याची एकेक बातमी घरभर ऐकू जाईल अशा आवाजात परत सांगायची. तिकडच्या माणसांना त्याने 'आहे का' शिकवलं. त्या माणसांनी पुढच्या देशातल्या माणसांना शिकवलं. सगळ्या कामगारांच्या तोंडी आमचा शब्द, वाकडातिकडा का होईना. आणि तो शब्द जगभर फिरवला कुणी, तर चाळीस नंबरने. मी दाराजवळ खुंटीवर लटकून ऐकायचो. एकदा नवी लाइन तपासायला त्याला आणि मला दोन टोकांना लावलं. पलीकडून तो स्वच्छ वाजला. मी नुसता खरखरलो, एक अक्षर पुढे जाऊ दिलं नाही. दाजींनी चिमटे घासले आणि गंज चढलाय म्हणाले. गंज नव्हता तो.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, भर दुपारी, दाजींच्या घरी बातमी आली. तिकडे जमिनीखालच्या केबलच्या खोलीत पाणी शिरलंय, झाकणावर माती कोसळलीय, आत एक माणूस आहे. कोण, ते कुणी सांगेना. दाजींनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई पुन्हा पुन्हा म्हणाली आणि मध्ये संगीत वाजलं. बावीस वर्षं तारा जोडणारा माणूस आपल्याच कंपनीची पिपाणी ऐकत उभा.

त्यांनी फोन आदळला, ताईचा हात धरला, मला कमरेला लावलं आणि एक्स्चेंजच्या मागच्या खोलीत शिरले. तिथे लोखंडी चौकटींवर हजारो तारा असतात. त्यांत एक कामगारांची लाइन, देशोदेशीच्या केंद्रांना आपसांत बोलायला ठेवलेली. दाजींनी माझे चिमटे तिला लावले.

"आहे का?"

काही नाही. पुन्हा विचारलं. मग कुठल्याशा देशातून एका बाईचा आवाज आला, "आए." दाजींना तिची भाषा येत नव्हती, तिला दाजींची. ते एवढंच म्हणाले, "मेहुणा." ती म्हणाली, "मे-उना, मे-उना," आणि खट आवाज झाला, तिने लाइन पुढे जोडून दिली. दुसरा देश. "आए." पुन्हा खट.

आणि मला माझा भाऊ ऐकू आला. मेहुण्याच्याही आधी मी त्याला ओळखलं. त्याचे चिमटे त्या बुडत्या खोलीतल्याच तारेला लावलेले होते, त्याचा आवाज बसला होता, ओला झाला होता.

"दाजी? पाणी छातीपर्यंत आलंय. वर खणतायत, पण मला झोप येतेय."

ताईने मला दाजींच्या हातातून ओढून घेतलं. रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "झोपायचं नाही. आधी कबूल कर, माझी सायकल तळ्यात तू ढकललीस."

"ताई, ती तूच ढकलली होतीस."

"खोटारड्या. फोन डोक्यावर धर, भिजवू नकोस."

असं ती भांडत राहिली. मोडलेल्या पाट्या, फाडलेल्या वह्या, त्याने चोरून खाल्लेलं सगळं. तो एकेका शब्दाने उत्तर देत होता, मग निम्म्या शब्दाने. आणि मी सांगतो, तेव्हाही माझ्या मनात आलं: हेसुद्धा याच्याच नशिबी. तिकडे जीव वाचवतोय तो, इकडे मी नुसती तार. खरखरलो असतो तर कुणी गंजच म्हटलं असतं. पण माझ्या भावाच्या आवाजात पाणी भरत होतं. तो बुडबुडत होता आणि तरी त्याने एकही शब्द गाळला नव्हता.

मग शब्द थांबले. ताई हाका मारत राहिली. दाजींनी चिमट्यांवर दोन्ही अंगठे दाबून धरले होते, त्यांची नखं पांढरी पडली होती.

खूप लांबून काहीतरी आलं. लोखंड घासल्याचा आवाज, परक्या भाषेतला गलका, आणि त्या सगळ्याखाली, माझा भाऊ पाण्यात संपता संपता त्याच्या तोंडात पडलेला कुणाचातरी एक खोकला. किती बारीक होता तो. माझ्या अंगातली जरा जरी खरखर त्यात मिसळली असती तरी हरवला असता. मी श्वास धरतात तसा सगळा गप्प झालो, आणि तो खोकला जसाच्या तसा ताईच्या कानापर्यंत नेऊन पोचवला.

"तोच आहे," ताई दाजींना म्हणाली. "वर आलाय. लहानपणापासून असाच खोकतो."