तीन दिवसांचं मौन

तान्ह्या मोनाचा ताप रविवारी सकाळी उतरला, तेव्हा कुठे अदितीने लॅपटॉप उघडला. अकराला बैठक होती. 'बोलपान'च्या नव्या आवृत्तीत काय घ्यायचं आणि काय सोडायचं, ते आज ठरणार होतं.

बोलपान म्हणजे अंधांना फोनवर मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. सगळ्यांसाठी खुलं, पगार कुणालाच नाही. जमेल त्याने जमेल तेव्हा हात लावायचा. अदिती लावायची तो मोनाच्या झोपेतून चोरलेल्या वेळात. जुन्या फोनांवर ते चालतं ठेवणं हा तिचा भाग. हुपरीची तिची मावशी, अक्का, तसल्याच फोनवर रोज पेपर ऐकायची. जन्मभर पैंजणांचे बारीक सांधे जुळवले आणि उतारवयात डोळे गेले.

काय घ्यायचं, काय सोडायचं याची यादी राजसने गुरुवारी सकाळी बोलपानच्या गटात टाकली होती. तो पुण्यात बसून आवृत्तीचं काम सांभाळायचा. सोडायच्या गोष्टींत पहिलीच ओळ होती: जुने फोन. अदितीने ती वाचली होती. मोनाला खांद्यावर घेऊन एका अंगठ्याने उत्तरही लिहायला घेतलं होतं. चौथ्या ओळीला पोर रडत उठली आणि ओळी तशाच फोनात राहिल्या. मग ओल्या पट्ट्या, औषधाचे थेंब, आणि खाली ठेवलं की डोळे उघडणारं ते तापलेलं लेकरू.

"जुने फोन सोडायला माझा विरोध आहे," बैठक सुरू होताच ती म्हणाली.

"अदिती, मुदत सकाळीच संपली," राजस म्हणाला. "तीन दिवसांत कुणी हरकत घेतली नाही, तर मान्य. नियम तुझाच आहे."

होता तिचाच. मोना पोटात असताना लिहिलेला. एकेक चर्चा महिनोन्‌महिने कुजत पडायची, म्हणून. गप्प राहणं म्हणजे होकार. तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली होती.

"पोरगी आजारी होती."

"वैनी, नुस्तं 'न्हाय' टाकायचं की," गटातला, शिवाजी पेठेतला उदयसिंह म्हणाला. "थांबवलं असतं आम्ही."

"तो भाग कुणाचा, ते माहीत होतं ना? एक फोन करायचा."

"वाटलं, तुमालाच कटाळा आला आसंल. बाळ झाल्यापास्नं दिसताय कुठं तुम्ही?"

कामचुकार म्हणून गेला की तो, तोंडावर.

"एकीसाठी मोडला तर नियम राहणार नाही," राजस म्हणाला. "आणि तो कोड तूच काढ. दुसऱ्या कुणाला उमगायचा नाही."

तिने काढला. मोना मांडीवर शांत झोपली होती, कपाळ गार, मूठ आईच्या पदरात. चार वर्षांचं काम काढायला त्या पोरीची एक झोप पुरली.

संध्याकाळी अक्काचा फोन आला.

"अदे, नवं आलं का गं? वाट बघालोय मी."

"तुझ्या फोनवर नाही यायचं, अक्का. तू जुनंच वापर."

"जुनं तर जुनं. आनि बिघडलं म्हंजे? हाईस न्हवं तू?"

अदितीने मोनाच्या गालावरची बट मागे सारली. जुन्या आवृत्तीच्या दुरुस्तीत आता कुणी हात घालणार नव्हतं. तीसुद्धा.

"गप का झालीस?" अक्का म्हणाली. "हाईस असंच धरतो मी मग."

आणि तिने निवांत मनाने फोन ठेवला.