नऊ सपारबेक

आमचं दुकान कंप्युटरात आहे. कामाची जागा म्हणजे माझ्या अंगणातली पडवी. तिथे अकरा बायका लोकर भिजवतात, दाबून तिचा नमदा लाटतात, रंगीत नमदे कापून, एकात एक बसवून शिरदक शिवतात, म्हणजे आमच्या नक्षीच्या जाड सतरंज्या. पण शिरदक घ्यायला गिऱ्हाईक आमच्या गावापर्यंत, कोचकोरपर्यंत, येत नाही, ते कंप्युटरात येतं. बारा वर्षांपूर्वी असं दुकान गावात फक्त माझं होतं. मी चौथी शिकले. माझ्या दोन्ही जावा दहावी शिकल्या आणि अजून बाजारात उन्हात बसून मोजे विकतात.

कंप्युटर सांभाळते माझी धाकटी सून बुरुल. मागणी आली की ती मोठ्याने वाचते: कोण, कुठला, किती हाताचा शिरदक, कुठला रंग. पाच वर्षांपूर्वी वसंतात एकदा ती वाचता वाचता गप्प झाली आणि पडदा माझ्याकडे वळवला. अक्षरं मला जुळवता येतात. सपारबेक, जुमाबेकचा मुलगा. एक लहान शिरदक, बसायच्या मापाचा. निरोप काही नाही.

सपारबेक माझा थोरला. बापाच्या मातीला तो पोचला नाही, नवव्या दिवशी उगवला. दारात मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो उंबऱ्यावरूनच परत फिरला. फोन बदलला, गाव बदललं, रशियात कुठे गेला ते त्याच्या धाकट्या भावालाही सांगितलं नाही. आणि मग हा शिरदक. दर वर्षी नोरूझच्या, वसंताच्या सणाच्या, आधी एक. मी स्वतः कापायचे, स्वतः शिवायचे. बुरुल न बोलता पार्सल बांधायची. पत्ता दर वेळी नवा. मीही कधी चिठ्ठी टाकली नाही. म्हटलं, आधी त्याला एक ओळ लिहू दे. एवढीच: आई, मी आहे.

गेल्या वर्षी जानेवारीत राजधानीतून, बिश्केकहून, एर्मेक आला. दुकानाचा प्रोग्राम तो बघतो. सगळ्यांसारखाच तोही मला आपा म्हणतो, म्हणजे आई.

"आपा, तुमचा प्रोग्राम म्हातारा झाला. बनवणाऱ्यांनीच टाकून दिलाय. एक फेब्रुवारीला त्यांचं यंत्र बंद, की तुमचं दुकानही बंद. नवा बसवावा लागेल."

"आणि माणसं?"

"कुठली माणसं?"

"दुकानातली. सहाशे बारा. त्यांची नावं, पत्ते."

"न्यायची ना. पण जुना इतका जुना आहे की नव्याशी बोलतच नाही. बघून बघून हाताने उतरवावी लागतील."

"हात आहेत," मी म्हटलं आणि बुरुलकडे पाहिलं. "बाकी काही हरवलं तर हरवू दे. नाव एकही हरवायचं नाही."

एका नावासाठी बोलले होते. बाकीच्या सहाशे अकरांचं मला काय करायचंय!

आता बुरुलचं सांगते. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, थोरल्या दिराचं घेत नाही. हल्ली शहरातल्या घेतात, जीभ झडत नाही म्हणे. बुरुल घेत नाही. सासरा जुमाबेक, म्हणून ती शुक्रवारालाही जुमा म्हणत नाही, "बेस्तरवाराच्या मागचा" म्हणते आणि बायका खिदळतात. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने एका पार्सलवर सासऱ्याचं नाव लिहिलं होतं. गिऱ्हाईकाचंच नाव ते, पण मी अकरा बायकांदेखत तिला धुतली. "जे तोंडाने घ्यायचं नाही ते हाताने घेतेस? हात काय माहेरून वेगळा आणलास?" तेव्हापासून तिच्या हातानेही ती नावं सोडली. जुन्या दुकानात गिऱ्हाईक स्वतःचं नाव स्वतः लिहायचं, पार्सलवरचा पत्ताही यंत्रच छापायचं, म्हणून अडलं नाही.

तीन आठवडे ती उतरवत बसली. डोळे लाल, चहा गार. मी मध्ये मध्ये विचारायचे, "कुठवर आलं?" ती म्हणायची, "येतंय, आपा."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी एर्मेकने ती यादी नव्या दुकानात भरली. बुरुल गायीकडे गेली होती. मी शेजारी बसून तळलेले बोरसोक खात होते.

"आपा, हे थोरले भाऊजी कोण?"

मी हातातला तुकडा ताटात ठेवला. "का रे?"

"प्रोग्राम विचारतोय. एकच माणूस नऊदा दिसतोय. बाकी सगळे बापाच्या नावासकट आहेत, हा नुसताच थोरले भाऊजी. मोठा घाऊकवाला दिसतो!" तो हसला. "नवांचा एक करू?"

मला वाटलं, बुरुलने सपारबेकला असंच लिहिलंय, आणि त्याच्या सगळ्या मागण्या एकाखाली एक आल्यात. चार वर्षांत नऊ कशा, हे मी मोजलं नाही. मला एवढंच दिसलं की परक्या पोराच्या तोंडी माझ्या घरातली गोष्ट येतेय. तो अजून काही विचारील या धाकाने मी तोडलं, "एक माणूस दुकानात नऊदा कशाला हवा? कर एक."

त्याने केला. दुसऱ्या दिवशी जुनं यंत्र बंद झालं.

नोरूझ आला, गेला. मागणी आली नाही. मी म्हटलं, आजारी असेल. मग म्हटलं, मेला असेल. मग एका सकाळी, चाळीस वर्षांत केलं नाही ते केलं: मी नमले. लाल-काळा शिरदक तयारच होता. त्यात चिठ्ठी ठेवली. माझं अक्षर बघून बायका हसल्या असत्या, म्हणून आत शिवून टाकली. बुरुलला म्हटलं, "थोरल्या भाऊजींचा पत्ता काढ."

तिने काढला. पत्ता रशियातला नव्हता, इथल्याच काराकोलचा, एका दंतवैद्याचा.

"हा कोण?"

"त्या नावाचे नऊ होते, आपा." "मी सगळ्यांना तसंच लिहिलं. भाऊजींपुढे परक्याचा बाप कसा लावू? पत्ते वेगळे होते ना, म्हटलं कळतील. नऊच्या नऊ पत्ते मी नीट उतरवले होते. आता एकच दिसतोय."

"आणि त्याचा?"

तिने पडद्यावरचं ते एकच नाव पुन्हा उघडलं.

"गाव तरी आठवतं?"

"दर वर्षी वेगळं असायचं, आपा."

पावत्या? त्या दर हिवाळ्यात तंदूर पेटवायला जातात, मीच देते काढून. दंतवैद्याला फोन केला. भला माणूस, म्हणाला, "आई, मी तुमचा कुणी नाही, पण शिरदक छान होता."

बुरुल रडत होती. मला तिला मारावंसं वाटलं, आणि मारायला जागा सापडेना. लिहू नको म्हणणारी मी. एक कर म्हणणारी मी.

एर्मेकला बोलावलं. जुन्याचं काहीच उरलं नाही म्हणाला. मग बराच वेळ खटखट करून म्हणाला, "आपा, दुकानात शिरायला कोण कोण आलं होतं त्याची नोंद नवा ठेवतो. बघा." आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

सपारबेक, जुमाबेकचा मुलगा. नऊ मार्च. चौदा मार्च. वीस मार्च, एकाच संध्याकाळी दोनदा.

"म्हणजे आला होता?"

"आला होता. जुन्या नावाने शिरायला बघत होता."

"मग?"

"यादीत नाव नाही म्हटल्यावर प्रोग्राम आपोआप उत्तर देतो."

"काय उत्तर?"

त्याने दाखवलं. वर ठळक अक्षरांत दुकानाचं नाव, म्हणजे माझं: उल्बुबू आपा. खाली एक ओळ: या नावाच्या कुणालाही आम्ही ओळखत नाही.

"पत्ता?"

"पत्ता आत शिरल्यावर विचारतो, आपा."

एर्मेकने पडदा परत आपल्याकडे फिरवला. मग म्हणाला, "ती ओळख नाहीची ओळ बदलू का? जरा गोड लिहितो."

"बदल."

त्याने बदलली, सपारबेकचं नावही यादीत परत घातलं. आता दुसरा नोरूझ होऊन गेला. बुरुल रोज सकाळी धान्य निवडल्यासारखी ती नोंद वरून खाली बघते. मी पडवीत असते, विचारत नाही. ती बाहेर येते, लोकर उचलते, कामाला बसते.