तीन खाचांचं बटण

"आधी मेन बंद कर. मगच हात लाव."

हे शिडीवरून बजावायचे आणि मी खाली शिडी धरून उभी असायची. बत्तीस वर्षं ह्यांनी लोकांच्या घरांत वायरिंग केलं आणि काढलेलं प्रत्येक जुनं बटण घरी आणलं. काळी, गोल, टपोरी बटणं. दाबली की खट् वाजणारी. बिस्किटांचे डबे भरले. रोज एक डबा पुसायचा, हा ह्यांचा नेम. हे गेल्यावर तो माझ्याकडे आला.

आज दुपारी मुलानं सगळे डबे दोन पोत्यांत रिकामे केले. "आई, चार वाजता भंगारवाला येतोय. बाळाचा पाळणा मी ठेवू कुठे, डोक्यावर?"

"ठेव की. तिथे जागा आहे भरपूर."

तो हसला. मग पोत्याचं तोंड आवळत म्हणाला, "इतकी बटणं जमवली बाबांनी. एक तरी कुणाला परत लावून दिलं का गं?"

एक द्यायचं राहिलं होतं. मागच्या गल्लीतल्या मास्तरांना दिसत नाही. पंख्याचं बटण अंगठ्याला कळावं म्हणून ह्यांनीच त्यावर कानशीनं तीन खाचा पाडून दिल्या होत्या. पुढे मास्तरांच्या सुनेनं ह्यांच्याकडूनच वायरिंग नवं करून घेतलं. नवी बटणं गुळगुळीत, सगळी सारखी. मास्तर म्हणाले, "माझं तेवढं जुनं लावून दे बाबा. पंख्यासाठीसुद्धा हाका माराव्या लागतात रे." हे म्हणाले, "उद्या लावतो." आणि बटण आमच्या डब्यात. जीव जडला होता ह्यांचा त्यावर. उद्या उद्या करता वर्ष गेलं आणि ह्यांचा उजवा हातच लुळा पडला.

जाण्याआधी म्हणाले, "लबाडी केली गं मी. तू नेऊन लाव. तुला येतं."

"लावीन," म्हटलं मी. त्याला चार महिने झाले. डबा पुसताना ते हाती यायचं आणि मीही उद्याच म्हणायची. ह्यांच्या हातचं तेवढंच तर होतं.

मी पोत्याशी बसले, डोळे मिटले आणि आत हात घातला.

"आई, स्क्रू लागेल! काय शोधतेस?"

मी चाचपत राहिले. गुळगुळीत, गुळगुळीत, फुटकं. बोट खरचटलं. दुसऱ्या पोत्यात, पार तळाशी, अंगठा अडला. एक, दोन, तीन.

"बाकीची जाऊ देत," म्हटलं. टेस्टर, पेचकस, काळी टेप पिशवीत टाकली.

"आता कुठे निघालीस?"

"मास्तरांकडे. बटण लावायला."

"तू? अगं, वायरमन बोलावू की!"

"बत्तीस वर्षं काय नुसती शिडी धरली मी?"

जिन्यात भंगारवाला वर येताना भेटला. खांद्यावर तराजू, दमलेला.

"मावशी, बटणं कुठल्या मजल्यावर?"

"दुसऱ्या. दार उघडंच आहे."

मी भिंतीला टेकून त्याला वाट दिली, आणि पिशवी छातीशी धरून एकेक पायरी खाली उतरू लागले.